सेसना १७२एन: इंजिन बंद पडल्यावर किती दूर? ग्लाइड कार्डाच्या प्रकल्प नोंदी

विमान: सेसना १७२एन. लायकमिंग ओ-३२०-एच२एडी इंजिन, १६० अश्वशक्ती, फिक्स्ड पिच प्रोपेलर, कमाल वजन २,३०० पौंड. क्षेत्र: बारामती, इंदापूर, फलटण. काम: गुडघ्यावरच्या पॅडला लावता येईल असं एकच कार्ड. इंजिन बंद पडल्यावर कोणता वेग धरायचा, कुठवर पोचता येतं आणि कुठल्या जमिनीकडे वळायचं, एवढंच त्यावर असावं.

३ फेब्रुवारी २०२५

सुरुवात विमानाच्या माहितीपुस्तकातल्या ग्लाइडच्या आलेखापासून. ६५ नॉट दर्शवेगाला (वेगाचा काटा दाखवतो तो वेग) दर १,००० फूट उंचीमागे साधारण दीड नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे ६,०७६ फूट, म्हणून गुणोत्तर, म्हणजे ग्लाइड रेशो, ९.१ ला १: एक फूट खाली येताना ९.१ फूट पुढे.

या आलेखाखालच्या अटी बहुतेक जण वाचतच नाहीत: वजन २,३०० पौंड, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली घेता येणारे भाग) वर, प्रोपेलर वाऱ्याने फिरत असलेला, वारा शून्य. शिवाय आडव्या रेघा जमिनीपासूनच्या उंचीच्या आहेत, समुद्रसपाटीपासूनच्या नव्हे. बारामतीची जमीन २,००० फुटांच्या आसपास आहे. अल्टिमीटर ४,५०० दाखवतो तेव्हा हातात २,५०० फूट असतात. ४,५०० ची रेघ पाहिली तर पावणेसात मैल मिळतात, खरे मिळणार पावणेचार. त्यामुळे कार्डावर सगळीकडे जमिनीपासूनची उंची, आणि कोपऱ्यात ठळक "अल्टिमीटर वजा २,०००".

५ फेब्रुवारी

माहितीपुस्तकात एकाच वेगाचा आकडा आहे, बाकीच्या वेगांना काय होतं ते नाही. ते गणिताने काढलं. पंखांचं क्षेत्रफळ १७४ चौरस फूट, लांबी ३५ फूट १० इंच, म्हणजे आस्पेक्ट रेशो (लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ) ७.४. ६५ नॉट दर्शवेग म्हणजे काट्याची चूक काढून दुरुस्त वेग साधारण ६६ नॉट. त्या वेगाला लिफ्टचा (उचलीचा) गुणांक ०.९० आणि ड्रॅगचा (हवेच्या अडथळ्याचा) ०.०९८ येतो. सर्वोत्तम ग्लाइडला ड्रॅगचे दोन हिस्से सारखे असतात, निम्मा हवा कापण्याचा आणि निम्मा लिफ्ट निर्माण करण्याचा. म्हणून शून्य-लिफ्ट ड्रॅग ०.०४९, आणि कार्यक्षमतेचा गुणक ०.७०. जुन्या, रिव्हेट मारलेल्या, स्ट्रटवाल्या विमानासाठी हा गुणक पटण्यासारखा आहे. तो १ च्या वर किंवा ०.५ च्या खाली आला असता तर आधी आलेखाचं वाचन तपासलं असतं.

यावरून तयार झालेला तक्ता. वजन २,३०० पौंड, समुद्रसपाटी, वारा नाही:

५५ नॉट: ८.६ ला १, उतरण्याचा दर मिनिटाला ६४६ फूट
६० नॉट: ९.० ला १, ६७७ फूट
६५ नॉट: ९.१ ला १, ७२३ फूट
७० नॉट: ९.० ला १, ७८८ फूट
७५ नॉट: ८.७ ला १, ८६९ फूट
८० नॉट: ८.४ ला १, ९६८ फूट
९० नॉट: ७.५ ला १, १,२२२ फूट

या आकड्यांचा आलेख काढला तर टेकडीचा माथा सपाट आहे. ६० ते ७० मध्ये कुठेही असलात तरी नुकसान जेमतेम एक टक्का. काटा बरोब्बर ६५ वर बसवण्यासाठी नजर आत अडकवून ठेवण्यात अर्थ नाही, ती बाहेर जमीन शोधायला हवी. ५५ ला सुद्धा नुकसान पाचच टक्के, पण फ्लॅप वर असताना स्टॉल, म्हणजे पंखांची उचल अचानक जाणं, ५० नॉटला आहे आणि तिथून ५५ फार लांब नाही. हळू बाजूचा धोका अंतर कमी होण्याचा नाही, स्टॉलचा आहे. त्यामुळे कार्डावर "६५, चुकलंच तर ७० कडे".

सर्वात कमी दराने उतरण्याचा वेग सूत्राने ४९ नॉट येतो, म्हणजे स्टॉलच्याही खाली. तो आकडा फक्त वहीपुरता. स्टॉलजवळ हे साधं सूत्र चालतही नाही.

१२ फेब्रुवारी: वारा

समोरून २० नॉट वारा असेल तर दर १,००० फुटांमागे:

६५ ला १.०४ मैल
७० ला १.०६
७५ ला १.०६
८० ला १.०३

"समोरच्या वाऱ्यात निम्मा वारा वेगात मिळवा" हा नियम सगळीकडे ऐकू येतो. २० नॉटला त्याने ७५ करायचा, फायदा दोन टक्के. ३० नॉटला ७५-८० वर फायदा सात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नियम बरोबर आहे, पण जोराच्या वाऱ्यातच तो लक्षात ठेवण्याइतका मोलाचा. मागून २० नॉट असेल तर ६५ ला १.९६ मैल आणि ६० ला १.९७. मागच्या वाऱ्यात वेग कमी करून काहीच हाती लागत नाही, फक्त स्टॉल जवळ येतो. त्यामुळे कार्डावर मागच्या वाऱ्याची वेगळी ओळ नाही.

वाऱ्याचं खरं काम दिशा ठरवणं आहे. २० नॉट वाऱ्यात १,००० फुटांवरून समोर १.०४ मैल आणि मागे १.९६, जवळजवळ दुप्पट. पोचण्याचं वर्तुळ विमानाभोवती नसतं, ते वाऱ्याच्या दिशेने सरकलेलं असतं. जमीन शोधताना मान आधी वारा जातो त्या बाजूला वळली पाहिजे. मग उतरताना वाऱ्याकडे तोंड करता येईल एवढी उंची हवी.

१९ फेब्रुवारी: वजन

दोन माणसं आणि अर्ध्या टाक्या धरून १,८५० पौंड. सर्वोत्तम वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, म्हणून ५८ नॉट. ग्लाइड रेशो तोच राहतो. जड विमान जास्त लांब जातं किंवा हलकं जास्त लांब जातं, या दोन्ही समजुती चुकीच्या. १,८५० पौंडांना ६५ च ठेवला तर नुकसान दोन टक्के. ५८ हा दुसरा आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा ते सोसलं. कार्डावर एकच वेग.

२ मार्च: वळणं

आलेख सरळ रेषेचा आहे आणि आयुष्यात सरळ रेषेतलं शेत क्वचितच मिळतं. ६५ नॉटला, २,३०० पौंडांना, १८० अंश वळायला लागणारी उंची:

१५ अंश बँक (विमान कुशीवर कलतं तो कोन): ५०० फूट, ४० सेकंद
३० अंश: २६० फूट, १८ सेकंद
४५ अंश: १९५ फूट, ११ सेकंद

बँक वाढवली तशी विमान जास्त जोरात खाली येतं, पण वळण त्याहून जास्त लवकर संपतं. म्हणून भीतीपोटी हळूहळू, पंधरा अंशात वळणं ही सर्वात महागडी चूक. ६० अंशाची ओळ मुद्दाम लिहिलेली नाही: तिथे स्टॉल स्पीड ७१ नॉट होतो, ६५ ला ते वळण होऊच शकत नाही. ४५ अंशात स्टॉल ५९.५ वर, अंतर साडेपाच नॉटांचं. ३० अंशात ५४ वर. नेहमीच्या वळणांना कार्डावर ३० अंश घेतले. रडर जास्त आणि बँक कमी अशी स्किड झाली की आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान स्पिनमध्ये शिरतं, म्हणजे गरगरत खाली जातं. जमिनीजवळ त्यातून बाहेर येण्याइतकी उंची नसते.

याच आकड्यांवरून टेकऑफनंतर मागे वळण्याचा प्रश्न सोडवला. अमेरिकी नौदल अकादमीचे प्रा. डेव्हिड रॉजर्स यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की मागे फिरायचंच असेल तर ४५ अंश बँक आणि स्टॉलच्या थोडा वरचा वेग हे सर्वात कमी उंची खाणारं वळण. तत्त्व बरोबर आहे. पण बारामतीत मे महिन्यात ते जमेल का, हा वेगळा हिशेब.

आधी वेग. चढाई ७३ नॉटला, समुद्रसपाटीवर मिनिटाला ७७० फूट, म्हणजे चढाईचा उतार ०.१०४. ग्लाइडचा उतार ०.११०. इंजिन गेलं आणि नाक तसंच वर राहिलं तर दोन्हींची बेरीज, ०.२१४ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग), एवढा ब्रेक लागतो. दर सेकंदाला चार नॉट. चार सेकंद "हे काय झालं" म्हणण्यात गेले की ७३ चे ५७ होतात. ५७ वरून ६५ करायला ४३ फूट जातात, आणि तोपर्यंत वळायचं नाही. इंजिन गेल्याबरोबर पहिली हालचाल नाक खाली, हे सगळ्या प्रशिक्षणात असतं. किती खाली आणि किती लवकर याचं उत्तर हे चार नॉट.

मग अंतर. परतीचं वळण १८० अंशांचं नसतं. धावपट्टीच्या रेषेवर यायला आधी जास्त वळून मग उलटं वळावं लागतं, एकूण २७० अंश धरले. ४५ अंश बँकेत त्याला २९० फूट. समुद्रसपाटीवर, थंड हवेत, ६०० फुटांवर इंजिन गेलं तर ६०० मधून २९० आणि ४३ वजा, उरले साधारण २६५ फूट, त्यातून सरळ २,४०० फूट. तोपर्यंत विमान टेकऑफच्या जागेपासून ६,७०० फूट गेलेलं असतं. धावपट्टी ५,५०० फूट धरली तर टोकापासून १,२०० फूट पुढे. कागदावर जमतं.

आता मे. जमीन २,००० फूट, तापमान ४० अंश. प्रमाण तापमान ११ अंश असायला हवं, २९ अंशांचा फरक, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जितकी विरळ आहे त्यानुसारची उंची) साडेपाच हजार फूट. सेवा-मर्यादा १४,२०० फूट आहे, तिथे चढाई मिनिटाला १०० फूट उरते. ७७० पासून १०० पर्यंत सरळ रेषा धरली तर साडेपाच हजारांवर चढाई ५१० च्या आसपास. खरा वेग दर्शवेगापेक्षा साडेआठ टक्के जास्त. चढाईचा उतार ०.०६४. वळणाची त्रिज्या १८ टक्क्यांनी वाढते, वळणाला ३४० फूट आणि वेग परत मिळवायला ५० फूट जातात. उरतात २०० फूट, सरळ १,९०० फूट. पण ५० फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंत २,५०० फूट आणि पुढच्या ५५० फूट चढाईला ८,६५० फूट धरले की विमान धावपट्टीच्या टोकापासून ५,६५० फूट पुढे असतं. पट्टीपर्यंत पोचायला साधारण ३,८०० फूट कमी.

इथे एक गोष्ट उघड होते जी "किती उंचीवर वळायचं" या वादात हरवते. चढाईचा उतार ग्लाइडच्या उतारापेक्षा कमी असेल तर जितकं उंच जावं तितकं धावपट्टीपासून परतीचं अंतर हाताबाहेर जातं. ०.०६४ ने चढून ०.११ ने परत यायचं आहे. आणखी ४०० फूट चढून तूट भरत नाही, वाढते. थंड हवेत, समुद्रसपाटीवरही ०.१०४ विरुद्ध ०.११० आहे, तिथे लांब धावपट्टी आणि चढताना समोरून असलेला वाराच वाचवतात. त्यामुळे "अमुक फुटांवर परत फिरा" असा एकच आकडा कार्डावर टाकणं धोक्याचं. टाकलं ते असं: एप्रिल ते जून, दुपारी, वळून धावपट्टीवर यायचं नाही. समोर डावी-उजवीकडे ३० अंशांच्या आत जमीन घ्यायची. सर्किटच्या डाउनविंड भागात, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत तिला समांतर उलट जाताना, धावपट्टीच सर्वात चांगलं शेत.

१६ मार्च: प्रोपेलर थांबवावा का?

हा प्रश्न प्रत्येक ग्राउंड क्लासला येतो, म्हणून गणित करून ठेवलं. इंजिन चालू असताना १७२ चा शून्य-लिफ्ट ड्रॅग ०.०३ च्या थोडा वर धरतात. ग्लाइडमध्ये आपल्याला ०.०४९ मिळाला. फरकातला मोठा भाग इंजिनाला जबरदस्तीने फिरवणाऱ्या प्रोपेलरचा. प्रोपेलर थांबवून ०.०४२ पर्यंत आलो असं मानलं, तर ग्लाइड ९.१ चा ९.८ होतो, आठ टक्क्यांची वाढ. वापरण्याजोगे १,३०० फूट असताना ही वाढ एक नॉटिकल मैलाचा सहावा हिस्सा. त्यासाठी विमान स्टॉलच्या काठावर नेऊन प्रोपेलर थांबेपर्यंत तिथेच ठेवायचं, शिवाय इंजिन पुन्हा सुरू होण्याची शक्यता हातची घालवायची, कारण फिरत्या प्रोपेलरला इंधन आणि ठिणगी मिळाली की स्टार्टर लागत नाही. फिरत असतो तोवर व्हॅक्यूम पंपही चालतो, म्हणजे कृत्रिम क्षितिज चालू. निर्णय: थांबवायचा नाही.

२३ मार्च: उड्डाणातली पडताळणी कशी करायची

कार्डावरचा आकडा आपल्या विमानाला लागू आहे का, ते प्रशिक्षकाबरोबर, जमिनीपासून ३,००० फुटांच्या वर, इंजिन आयडलला ठेवून तपासता येतं. पद्धत लिहून ठेवली.

सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात. दख्खनवर मार्चमध्ये दहा वाजल्यानंतर थर्मल (गरम हवेचे वर जाणारे झोत) उठतात, मग मोजमाप विमानाचं राहत नाही, हवेचं होतं. अल्टिमीटर १०१३ वर. प्रत्येक वेगाला ट्रिम करून ३० सेकंद स्थिर राहायचं, मग घड्याळ सुरू, १,००० दर्श फूट (अल्टिमीटर दाखवतो ते) उतरायचं. वाचन उलट दिशेने पुन्हा. कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा) चालू, दर ५०० फुटांमागे थ्रॉटल थोडा पुढे नेऊन इंजिन गरम ठेवायचं, आणि तेवढा वेळ मोजणी बंद.

दोन दुरुस्त्या हमखास राहतात. एक, गरम हवेत अल्टिमीटर कमी दाखवतो. ५,००० फुटांवर प्रमाण तापमान ५ अंश, प्रत्यक्षात २५ असेल तर १,००० दर्श फूट म्हणजे खरे १,०७२ फूट. दोन, खरा वेग दर्शवेग नव्हे. उदाहरणादाखल: १,००० दर्श फूट ८० सेकंदांत गेले. काहीच दुरुस्ती न करता गुणोत्तर ८.८ येतं. फक्त वेग दुरुस्त केला तर १०, आणि मग "आमचं विमान माहितीपुस्तकापेक्षा भारी" अशी बढाई सुरू होते. दोन्ही केल्या तर ९.३. आयडलवरच्या इंजिनाने प्रोपेलरचा ड्रॅग बंद इंजिनापेक्षा थोडा कमी होतो, म्हणून ९.३ मिळालं तरी कार्डावर ९.१ च ठेवायचं.

शून्य थ्रस्टवर ग्लाइड मोजायची अचूक पद्धत अमेरिकेत कॅफे फाउंडेशनने वापरली आहे: क्रँकशाफ्ट पुढे-मागे अगदी बारीक सरकतो, तो ना पुढे ओढला जातो ना मागे ढकलला जातो ती जागा सेन्सरने पकडायची. क्लबच्या विमानाला त्यासाठी इंजिनात हात घालायची गरज नाही.

६ एप्रिल: जमिनीची यादी

उपग्रह चित्रांवर आधी खुणा, मग रस्त्याने जाऊन पाहणी. चित्रात जे दिसत नाही तेच इथे महत्त्वाचं.

किती जागा लागते? माहितीपुस्तकात धावण्याचं अंतर ५२० फूट, ५० फुटांच्या अडथळ्यावरून १,२५०. ते पक्की, कोरडी, समुद्रसपाटीची पट्टी धरून आहे. उन्हाळ्यात खऱ्या वेगामुळे ऊर्जा १८ टक्क्यांनी वाढते, म्हणजे धाव ६१० फूट. एक एकर चौकोनी धरलं तर बाजू २०८ फूट, म्हणजे एकट्या एकराच्या तुकड्यात काही होत नाही. पाच एकरांची ६६० बाय ३३० फुटांची पट्टी हवी. वाटण्या होत गेलेल्या भागात अशी सलग जमीन बांधांशिवाय मिळत नाही. दीड-दोन फुटांचा बांध आडवा आला की नाकाचं चाक तिथेच राहतं आणि विमान पाठीवर. म्हणून लांबी बांधाला समांतर मोजली, आणि सऱ्याही त्याच दिशेने असल्या पाहिजेत.

नीरा डाव्या कालव्याखालचा बागायत पट्टा वरून हिरवागार, मऊ दिसतो. ऊस दहा फूट उंच, त्यात विमान बसतं खरं, पण वेग अचानक जातो. दुसरा काहीच पर्याय नसेल तरच, आणि उसाच्या शेंड्यांनाच जमीन समजून टेकायचं. द्राक्षबागा पूर्ण बाद: वरून त्या सारख्या ओळींचं शेत वाटतात, पण तारांचा मांडव असतो आणि लोखंडी अँगल. शेततळ्याचं काळं प्लास्टिक चमकतं म्हणून ते लांबून ओळखू येतं, पण त्याचा उंच भराव दिसत नाही. उजनीच्या फुगवट्याचा कोरडा काठ उन्हाळ्यात मोकळा आणि मोहक दिसतो. वरचा पापुद्रा वाळलेला असतो, खाली गाळ. भिगवणच्या बाजूला पक्ष्यांचे थवेही.

चांगलं ते जिरायत. ज्वारी काढून झालेली शेतं फेब्रुवारीच्या शेवटी मोकळी होतात. धसकटं टोकदार असतात, टायर फुटेल, पण विमान सरळ राहील. उन्हाळी नांगरट झाली की तेच शेत ढेकळांचं होतं, म्हणून हंगामाप्रमाणे यादी बदलते.

तारा. ११ केव्हीच्या तारा वरून दिसतच नाहीत, खांब दिसतात. नियम: दोन खांब दिसले की मधे तार आहेच. विहीर किंवा बोअरजवळ रोहित्र असतंच, म्हणून एकटी विहीर दिसली तरी तिच्याकडे येणारी तार शोधायची. रस्ता मोकळा दिसला तरी कडेला झाडं आणि तारा, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग. रस्ते यादीतून काढले.

वाऱ्याविरुद्ध टेकण्याचा आग्रह का, ते एका ओळीत: खरा वेग ५० नॉट, वारा १० नॉट. समोरून असेल तर जमिनीवर ४०, मागून असेल तर ६०. ऊर्जा सव्वादोन पट. शेवटी काहीतरी आडवं येणारच असेल तर ४५ नॉटांवरून ९ जी च्या दाबाने थांबायला दहाच फूट लागतात. पट्टे घट्ट असले तर माणसाला तेवढं झेपतं, म्हणून पंख झाडांवर खर्ची घालून मधला पिंजरा वाचवणं हा शहाणपणाचा सौदा.

२० एप्रिल: हातांचा क्रम

माहितीपुस्तकातला क्रम तसाच ठेवला, कारणं कडेला. ६५ नॉट. कार्ब हीट चालू: हे पहिलं, कारण उष्णता एक्झॉस्टची असते आणि बंद इंजिनाचा एक्झॉस्ट भराभर थंड होतो. मिनिटभराने कार्ब हीट ओढून बर्फ वितळत नाही. कोकणातल्या दमट हवेत तर नक्कीच. इंधन निवडक "दोन्ही". मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) रिच. मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा) "दोन्ही", प्रोपेलर थांबला असेल तरच "स्टार्ट". प्रायमर (सुरू करताना हाताने इंधन सोडायचा पंप) आत आणि लॉक. प्रायमर उघडा राहिला की इंजिन जास्त इंधन ओढून गुदमरतं, आणि ही गोष्ट सकाळी गडबडीत सुरू केलेल्या विमानात होते.

उतरणं नक्की झालं की: मिक्श्चर बंद, इंधन बंद, मॅग्नेटो बंद, फ्लॅप, मग मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, दारं टेकण्याआधी उघडी. फ्लॅप आणि मास्टरचा क्रम उलटा करायचा नाही. १७२एन चे फ्लॅप विजेवर चालतात. मास्टर आधी गेला की जिथे होते तिथेच अडकतात, आणि शेतावर उंच आलेलं विमान उंचच राहतं. रेडिओही मास्टरवर, म्हणून १२१.५ या आणीबाणीच्या वारंवारतेवरचा संदेश आणि ट्रान्सपॉन्डरवर आणीबाणीचा ७७०० त्याआधीच. पूर्ण ४० अंश फ्लॅप शेत निश्चित झाल्यावरच, कारण खाली घेतलेले फ्लॅप वर केले की विमान बसतं. फ्लॅप खाली असताना स्लिप (तिरकं घसरत उंची घालवणं) टाळा अशी पाटी कॉकपिटमध्येच आहे. उंची जास्त असेल तर आधी स्लिप, मग फ्लॅप.

४ मे: नजरेचं माप

९.१ ला १ म्हणजे क्षितिजाखाली सव्वासहा अंश. कोन मोजायला वेळ नसतो, म्हणून हात लांब करून मूठ: तिची रुंदी साधारण दहा अंश. क्षितिजावर मुठीची वरची कड ठेवली तर खालच्या कडेवर जे दिसतं ते जवळजवळ १,००० फुटांमागे एका मैलावर असतं. आलेखातल्या दीड मैलापेक्षा हे मुद्दाम तुटपुंजं घेतलं आहे. का, ते २,५०० फुटांच्या हिशेबात दिसतं: आलेख म्हणतो ३.७५ मैल. त्यातून गोंधळाची पाच सेकंदं, ९० अंशांच्या वळणाचे १३० फूट आणि शेताजवळ चक्कर घेऊन वाऱ्याकडे वळायला राखलेले १,००० फूट काढले, की उरतात १,३०० फूट. वारा समोरून १५ नॉट, १.१५ मैल प्रति हजार. हाती दीड मैल. मुठीच्या आतलं शेत दिसत असताना मुठीबाहेरचं चांगलं शेत निवडायचं नाही.

अंतिम टप्प्याला काचेवरची खूण: ठरवलेली जागा काचेत वर सरकत असेल तर कमी पडतोय, खाली सरकत असेल तर ओलांडतोय, स्थिर असेल तर तिथेच. फ्लॅप हे कमी करण्याचं साधन आहे, अंतर वाढवण्याचं एकही साधन नाही. म्हणून शेताचा पहिला तिसरा हिस्सा लक्ष्य, कडेची रेघ नव्हे.

१८ मे

कार्डाची पहिली आवृत्ती छापली. पोस्टकार्डाच्या आकारात, पिवळ्या कागदावर काळ्या अक्षरांत, लॅमिनेट करून. समोर: ६५, क्रमाचे सहा शब्द, मूठ, अल्टिमीटर वजा २,०००. मागे: महिन्यांप्रमाणे जमिनीची यादी, ११ केव्हीच्या रेषा लाल. वाऱ्याचा तक्ता काढून टाकला, बाहेर जमीन शोधणाऱ्या माणसाला तो वाचता येणार नाही. लॅमिनेशनची चकाकी उन्हात त्रास देते, पुढची आवृत्ती मॅट.

८ जून

पहिला पाऊस झाला. जिरायत काळी जमीन यादीतून ऑक्टोबरपर्यंत बाद: ओली काळी माती चाकाभोवती गुंडाळली जाते आणि नाकाचं चाक रुततं, विमान तिथेच उलटतं. तिच्या जागी मुरमाड माळ, म्हणजे उंचावरचं पड रान आणि गायरान. दगड आहेत, पण चाक रुतत नाही. पाणी लवकर निचरतं अशा उताराच्या जागा निवडल्या, चढाकडे तोंड करून. चढ आणि वारा विरुद्ध दिशांना असतील तर १० नॉटांपर्यंत चढाला पसंती.

उभ्या विमानात टाकीच्या झाकणातून पाणी शिरण्याचा हा हंगाम. दोन्ही पंखांखालचा आणि गाळणीचा निचरा काचेच्या भांड्यात घेऊन पाण्याचा थेंब तळाशी बसतो का पाहायचं, मगच कार्ड पॅडला. ही ओळ कार्डाच्या वरच्या कडेला आली. ऊसतोड सुरू झाल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, कालव्याखालच्या मोकळ्या झालेल्या तुकड्यांची पाहणी आणि रोहित्रांच्या नव्या खुणा.